मेलेल्या माणसाला दिलेल्या तारखा

सांगलीत एका लग्नाच्या पंगतीला माझ्या शेजारी वडूजकडचे एक गृहस्थ बसले होते. जिलबी वाढली जात असताना त्यांनी मला त्यांच्या भागातली एक गोष्ट सांगितली. लढाईच्या काळात म्हणे त्यांच्या शेजारच्या वाडीत राजाच्या पदरचा एक जुन्या वळणाचा न्यायाधीश आला होता. उंच, गोरापान, हत्तीवरून आलेला. त्यानं एका मेलेल्या शिपायाला जिवंत ठरवलं, त्याचं त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावून दिलं आणि कुणाची सुपारीसुद्धा न घेता निघून गेला.

"आसा न्याय आता व्हायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी उसासा सोडला. मग माझ्या पानाकडं बघून म्हणाले, "घ्या की, जिलबी गार व्हायला लागली."

मी जिलबी खाल्ली.  तो न्यायाधीश मीच. मी उंच कधीच नव्हतो, गोरा तर आजही नाही, आणि त्या वाडीत मी हत्तीवरून नव्हे, तर तंबूच्या बांबूंवर बसून बैलगाडीतून गेलो होतो. लग्नही मी लावलं नाही. ते होऊ नये म्हणून मी जे करता येईल ते केलं. ही गोष्ट अशीच सजत गेली तर माझ्यामागं त्या वाडीत माझं देऊळ व्हायचं. म्हणून हात चालतोय तोवर खरं काय ते लिहून टाकतो.

मी आयुष्याची काही वर्षं एका तंबूच्या नाटक कंपनीत काढली. सांगलीहून निघायचं, आष्टा, इस्लामपूर करत वर सरकायचं आणि खटाव-माणच्या जत्रा उरकून पावसाआधी परत यायचं, असा आमचा शिरस्ता. कंपनीचं नाटक एकच होतं. ते मालकांनी स्वतः लिहिलेलं. दर हंगामात त्याला नवं नाव मिळायचं, त्यामुळं लोकांना वाटे यंदा नवा खेळ आला. नाटक एका राजाच्या न्यायाधीशाचं. तो यादवांच्या काळातला की बहामनींच्या, हे मालकांनी शेवटपर्यंत ठरवलं नाही. ज्या गावात जसा शेला मिळेल तसा काळ.

त्या न्यायाधीशाचं सगळं आयुष्य मी रोज जगत असे. पहिल्या अंकात तो माधुकरी मागणारा विद्यार्थी. दुसऱ्यात राजा त्याला न्यायासनावर बसवतो आणि हातात रुप्याचा दंड देतो. आमचा दंड रंग दिलेल्या वेळूचा होता. तिसऱ्यात एका खोट्या साक्षीवरून तो पोटच्या पोराला देहदंड देतो. चौथ्यात ती साक्ष राजानंच घडवून आणली होती असं कळतं, तेव्हा भर दरबारात राजाला दोषी ठरवून, दंड त्याच्या पायाशी ठेवून तो निघून जातो. इथं बायका पदर डोळ्यांना लावत. मालक मात्र पिटात डोकी मोजत असत.

न्यायाधीशाचं काम अवघड नाही. बाहेरच्यांना वाटतं की आवाज लागतो. आवाज राजाला लागतो. न्यायाधीशाला मान लागते. मान हलवायची नाही, बोलण्याआधी एक श्वास थांबायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या डोक्यावरून थोडं वर बघायचं. एवढं केलं की माणूस आपोआप अपराधी दिसायला लागतो. हे मी पुढं घरात वापरून पाहिलं. बायकोवर चाललं नाही.

एका वर्षी मालकांनी एक काटकसर केली आणि तिथून सगळं बिघडलं. तिसऱ्या अंकात खोटा साक्षीदार देवाचा भंडारा उचलून शपथ घेतो. आमच्याकडं भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती उचलून बोललेला शब्द मागं घेता येत नाही. आम्ही नाटकात पिवळी माती वापरायचो. त्या वर्षी मालक म्हणाले, "माती चाळत बसण्यापेक्षा गावच्या गुरवाकडून ताटभर भंडारा मागून घेऊ. गावालाही मान दिल्यासारखं होतं." गुरव खूश झाला. वाजतगाजत ताट आलं.

खोट्या साक्षीदाराचं काम बाबालाल मुलाणी करायचा. भालदार तोच, शिपाई तोच, प्रसंगी राजाचा घोडाही तोच. त्या दिवशी त्यानं ताटाकडं पाहिलं, हात पुढं केला आणि मागं घेतला.

"बोल साक्षीदार, न्यायाधीशाच्या पुत्राला तू खून करताना पाहिलंस?" मी विचारलं.

"न्हाई," बाबालाल म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. मालक पडद्याआडून 'होय' म्हणून दात-ओठ खात होते.

"न्हाई म्हनलं न्हवं? पोरगं लय गुनाचं हाय. सोडा त्याला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा सुटला आणि नाटक तिथंच संपलं. चौथ्या अंकासाठी तोंडाला रंग लावून बसलेला राजा तसाच बसून राहिला. नंतर मालक बाबालालच्या अंगावर धावून गेले.

"अरे, खंडोबा तुझा कोण लागतो?"

"माजा कोन लागत न्हाई म्हनून काय झालं? गावाचा द्येव हाय. मला ह्या गावातनं चालत जायाचं हाय, मालक."

मालकांनी पुन्हा मातीचा विचार करून पाहिला. पण तोवर पुढच्या गावाला बातमी गेली होती की या कंपनीच्या खेळात खरा भंडारा असतो. तिथला गुरव ताट घेऊन वेशीवर उभा. नको म्हणायची सोय राहिली नाही. आणि पोरगा रोज सुटू लागल्यावर उरलेला वेळ कसा भरायचा हा प्रश्न आला. मालकांची बुद्धी अशा वेळी फार चाले. त्यांनी तिसऱ्या अंकात 'खुला दरबार' घातला. भालदारानं ललकारी द्यायची आणि पिटातल्या कुणाचीही फिर्याद असेल तर त्यानं वर यायचं.

आम्हाला वाटलं होतं, दोन टवाळ पोरं येतील, लोक हसतील. पण ते बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस होते. सरकारी कोर्टाची पायरी चढायला कुणी तयार नव्हतं आणि गावोगाव लोक आपले निवाडे आपणच करू लागले होते. त्यात ताटात खरा भंडारा आणि गादीवर पागोटं घातलेला माणूस. फिर्यादी रांगेनं आल्या.

आष्ट्याला माझ्यापुढं पहिला मोठा खटला आला. एका बैलाच्या गाड्यांच्या शर्यतीत ऐन रेषेजवळ दांडी मोडली. बैल एकटाच पुढं पळून पहिला आला, मोकळी गाडी घसरत दुसरी आली आणि खाली पडलेला गाडीवान लंगडत तिसरा आला. बैल एकाचा, गाडी दुसऱ्याची, गाडीवान तिसराच. बक्षिसाचा फेटा कुणाचा, यावर तिघांची घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

मी मान स्थिर ठेवली, एक श्वास थांबलो आणि म्हणालो, "फेटा बैलाला बांधा."

बांधला. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत बैलानं तो खाऊन टाकला आणि तिन्ही घरांची भांडायची वस्तूच नाहीशी झाली. माझ्या हातून झालेला खरा न्याय तेवढाच, आणि त्यातही निम्मा बैलाचा.

त्यानंतर आम्ही वडूजच्या पुढं एका वाडीत गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नांदती आहेत. बाबालालनं ललकारी दिली तसा पिटातून खाकी कपड्यांतला एक गडी उठला. ताठ चालत वर आला आणि टाचा जुळवून त्यानं मला सलाम ठोकला.

"साहेब, गनपत माजं नाव. मी मेल्यालो न्हाई."

लोक हसतील म्हणून मी थांबलो. कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला तर काही जणींनी पोरांची तोंडं पदरात घेतली.

प्रकार असा होता. गणपत पलटणीतून लढाईवर गेलेला. तो पडल्याची तार आली. घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दहावं केलं, गाव जेवलं. आणि आता हा रजा घेऊन मोटारीतून उतरला. त्याला बघून न्हावी वस्तरा टाकून पळाला. धाकटा भाऊ किसना दारात आडवा उभा राहिला. ज्याचं दहावं झालं त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं कसं, हे घरात कुणालाच कळेना. त्याची बायको इठा आतून बघत राहिली. तिचं कुंकू पुसलेलं, बांगड्या फुटलेल्या.

किसना वर आला. गरीब, भेदरलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, कावळा शिवला हुता."

"मग?"

"मंजी, ताट ठेवलं आन् लगोलग शिवला. मानूस मेला नसंल तर कावळा शिवंल का? लोकांच्या पिंडाला निम्मा दीस बसायला लागतं."

"कावळा उपाशी असंल रं!" गणपत ओरडला.

"उपाशी आसता तर शेजारच्या ताटालाबी शिवला आसता. तिकडं बघितलंसुदीक न्हाई."

यावर सगळ्या पिटानं माना डोलावल्या. गुरव पुढं होऊन म्हणाला, "भंडारा उचला दोगंबी." गणपतनं भंडारा उचलून सांगितलं की मी जिवंत आहे. किसनानं भंडारा उचलून सांगितलं की कावळा शिवला. दोघंही खरं बोलत होते. माझ्या नाटकात असा प्रसंग नव्हता. तिथं एक जण खोटं बोलतो म्हणून निकाल देता येतो.

पडद्याआडून मालकांचा आवाज आला, "तारीख द्या. तारीख."

मी म्हणालो, "न्यायासन विचार करील. निकाल उद्या."

दुसऱ्या दिवशी तंबूत उभं राहायला जागा नव्हती. आजूबाजूच्या वाड्यांतून लोक भाकऱ्या बांधून आले. मालकांनी मला बाजूला घेतलं. "एवढ्यात संपवू नका. कावळ्यावर बोला. कावळ्याची साक्ष ग्राह्य की नाही, यात एक खेळ निघेल." निघाला. गणपत किती खोलवर श्वास घेतो, त्याची सावली पडते का, त्याला मीठ खारट लागतं का, यात आणखी खेळ निघाले. दरवेळी शेवटी मी एक श्वास थांबून म्हणे, "निकाल उद्या."

मेलेल्या माणसाला घरात थारा नाही, म्हणून गणपत आमच्याच तंबूत राहायचा. आमच्यात जेवायचा, तंबूच्या दोऱ्यांना पलटणीतल्या गाठी मारून द्यायचा. मी विहिरीवर धोतर धूत असलो तरी समोर आला की सलाम. एकदा मी त्याला म्हणालो, "बाबा, मला सलाम कशाला? मी नट आहे, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय की. तुमी खरं न्हाई, ते ठाव हाय मला. पर भंडारा खरा हाय न्हवं?"

"आणि इठा? ती काय म्हणते?"

"लांबनं बघती. काल पान्याला निगाली तवा वाटंत घागर ठिवून उगं हुबी राहिली. मीबी हुबा राहिलो. मग लोक आलं." तो गाठ आवळत म्हणाला, "साहेब, निकाल कवा?"

"उद्या."

"व्हय," तो म्हणाला. "रजा संपत आली, म्हनून इचारलं."

हे त्यानं मला सांगितलं होतं. इथं मी लपवाछपवी करत नाही. रजा संपत आली आहे हे मला माहीत होतं.

शेवटी गुरवानंच वाट काढली. शास्त्रात आहे म्हणे, ज्याचं दहावं झालं तो परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालायचं. बारसं करायचं, आणि बायको असली तर तिच्याशी पुन्हा लग्न लावायचं. मालकांचा चेहरा उजळला. बारसं एक खेळ, लग्न एक खेळ.

मी निकाल दिला, "गणपत, तू आज जन्मलास."

राजाच्या सिंहासनाची झालर काढून पाळण्याला लावली. पाळणा म्हणजे तंबूच्या दोरीला टांगलेली बाज. गणपत तीत शिस्तीत आडवा झाला. पाय बाहेर.

"बूट काड रं, बाळ हायस तू," त्याची म्हातारी आत्या म्हणाली. त्यानं बूट काढले. बायकांनी पाळणा म्हटला. आत्यानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "तुजं नाव गनपत."

"ठाव हाय गं आत्ये."

"बाळ लय बोलतंय," पिटातून कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी लोक जेवढे हसले तेवढे आमच्या विनोदी पात्राला सगळ्या हंगामात हसले नव्हते.

मग किसना उभा राहिला. "साहेब, एक शंका हाय. ह्यो आज जल्मला, मंजी मी थोरला झालो का?"

मी विचार केला. "झालास."

"मग ह्यानं माज्या पाया पडाया पायजे."

लोक पुन्हा हसायला लागले. गणपत बाजेवरून उतरला, अनवाणी चालत गेला आणि त्यानं खाली वाकून धाकट्या भावाचे पाय धरले. किसना मागं सरकला. "दादा, नगं रं," असं म्हणाला आणि तंबूबाहेर पळाला. त्याला नुसती गंमत करायची होती, की बघायचं होतं हे हात गरम आहेत का, मला सांगता येणार नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी गणपत माझ्याकडं आला. "साहेब, उद्या सकाळच्या मोटारीनं जायाला पायजे. आज लगीन लावा. एक रात तरी घरात जाऊ द्या."

मी मालकांना सांगितलं. ते पान लावत होते. म्हणाले, "लग्न झालं की तंबू रिकामा. उद्याचा मुहूर्त द्या. जाईल परवा."

"पलटणीत असं चालत नाही, मालक."

"मग त्यानं पलटणीकडून तारीख घ्यावी. आपण देतोय तशी."

संध्याकाळी मी गादीवर बसलो. समोर गणपत, डोक्याला मुंडावळ्या बांधलेला. इठा बायकांत बसलेली. मी त्याच्या डोक्यावरून थोडं वर बघितलं आणि म्हणालो, "मुहूर्त उद्याचा आहे."

तंबूतून एक सुस्कारा निघाला. तो आनंदाचा होता. उद्याही खेळ आहे, म्हणून. गणपतनं टाचा जुळवल्या. 

तेव्हा इठा उठली. माणसांतून वाट काढत ती वर चढली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. इतक्या खेळांत तिला एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं. तिनं ताटात हात घालून मूठभर भंडारा उचलला. आम्ही चिमूट उचलायला लावायचो.

"ह्यो माजा दाल्ला हाय. ह्यो जिता हाय," ती म्हणाली. "कावळ्याला काय इचारता? मला इचारायचं हुतं."

तोच पिवळा हात तिनं गणपतच्या दंडाला घातला आणि त्याला खाली उतरवून बाहेर चालू लागली. माझ्या तोंडातून नाटकातलं वाक्य निघालं, "थांबा! न्यायासन अजून उठलेलं नाही!" मालक बाबालालला म्हणाले, अडव त्यांना. बाबालाल भालदाराची काठी घेऊन पुढं झाला आणि त्यानं त्या काठीनं तंबूची कनात वर धरली. दोघं तिच्याखालून घराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी त्याला मोटारीवर बसवायला गेली. मी गेलो नाही.

खरी हकीकत ही. लोकांनी मात्र तिची मांडणी आपल्या पद्धतीनं केली. भंडारा उचलला गेला तेव्हा गादीवर कुणीतरी बसलेलं होतं, एवढं त्यांना पुरलं. जजसाहेबांनी जिवंत ठरवलं आणि बायकोच्या हवाली केलं, असं झालं.

पुढं कंपनी मोडली. वाटणीत मला न्यायाधीशाचा वेष आला. मी सांगलीत हळदीच्या एका अडतीवर वजनाला राहिलो. लढाई संपली, गेलेले लोक परत येऊ लागले. आणि एक दिवस पोत्यांच्या मधून किसना माझ्यापुढं उभा राहिला. मला शोधत तो सांगलीभर हिंडला होता.

"साहेब, दादाची दुसरी तार आली. कवाच आली."

मी तराजूचा काटा धरून उभा राहिलो.

"ह्या बारीला खरंच हाय. त्याच्या बरूबरचा गडी आला, त्यानं सांगितलं. पर वैनी काय करू दीना. म्हनती, पयली तारबी आलीच हुती. म्हनती, राजाच्या जजनं जिता ठरवलाय त्याला, कोन हाय तुमी दहावं करनारं? गावबी तसंच म्हनतंय. बायका निम्म्या तिला हळदीकुंकवाला बोलवत्यात, निम्म्या न्हाई. एक जन कुंकू लावती आन् ओटी भरत न्हाई. साहेब, दादा सपनात पानी मागतो. तुमी चला. निकाल फिरवा."

"किसना, मी जज नाही रे. मी नट होतो. हे बघ, हळद तोलतो."

"ते असू द्या. पर निकाल फिरवायचा कुनी? दिला त्यानंच न्हवं?"

 मी ट्रंकेतून वेष काढला.

वाडीच्या अलीकडं ओढ्यात गाडी थांबवून मी झगा चढवला, पागोटं घातलं, डिंकानं दाढी चिकटवली. साध्या सदऱ्यातल्या माणसाचं कुणी ऐकलं नसतं. किसनानं आरसा धरला होता. तो मध्येच म्हणाला, "डावीकडं जरा दाबा," आणि लगेच हात जोडून "आता बराबर हाय, साहेब," म्हणाला.

देवळाच्या कट्ट्यावर घोंगडी अंथरली होती. गाव जमलं. गुरवानं ताट आणून ठेवलं. इठा समोर उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात काकणं. तरुण होती ती. मी ठरवून आलो होतो की हिला मोकळं करायचं. तिच्या लोकांत पाट लागतो, दुसरं घर करता येईल, आयुष्य पडलं आहे. हे सगळं मी गाडीत पाठ केलं होतं.

मी मान स्थिर केली आणि एक श्वास थांबलो. त्या श्वासात ती बोलली.

"जजसाब, पयल्याच दिशी मी त्याचा हात धरनार हुते. तुमच्या पागोट्याला भ्याले. रोज तुमी उद्या म्हनला, रोज मी गप बसले. त्याची सारी रजा तुमी खाल्ली. मला एक रात ऱ्हायली. आता त्याचं मरनबी तुमीच सांगनार?"

 किसना खाली बघत होता.

"सांगा. पर भंडारा उचलून सांगा. तो मेल्याला तुमी बघितला आसंल तर उचला."

नाटकात न्यायाधीश भंडारा उचलत नाही. तो दुसऱ्यांना उचलायला लावतो. मी ताटाकडं पाहिलं. हळद तर मी रोज पोत्यांनी हाताळत होतो. ही मूठभर मला उचलेना. आणि तिच्या डोक्यावरून वर बघायचंही जमेना.

"निकाल कायम," मी म्हणालो.

लोकांनी हात जोडले. त्या दिवशी मी शहाणपणा केला असं वाडीत अजून मानतात. मी घाबरलो होतो. मी भंडारा उचलला असता तर ती मोकळी झाली असती का, की नुसती मोडली असती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. त्या निकालावर ती सगळं आयुष्य राहिली, हे मात्र खरं. गणपत आला नाही.

मला वाटलं होतं, लगेच गाडीत बसावं. पण इठा पायरीवरून वळून म्हणाली, "जेवून जावा. उपाशी कुनी जात न्हाई आमच्या दारातनं."

ओसरीवर किसनानं दोन ताटं मांडली. एकावर मला बसवलं. दुसऱ्यावर कुणी बसलं नाही. इठानं आतून भाकरी आणली, माझ्या ताटात घातली आणि किसनाला म्हणाली, "त्यालाबी वाड."

किसना घुटमळला. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यानं त्या ताटात भाकरी वाढली, वर कालवण घातलं आणि पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवला. भरताना त्याचा हात स्थिर होता.

अंगणात निम्मं गाव बघत उभं होतं. पहिल्याच घासाला डिंक सुटायला लागला. दाढी काढून ठेवली असती तर निकाल गेला असता. म्हणून मी एका हातानं ती धरून, त्या भरल्या ताटाशेजारी, भाकरी संपेपर्यंत जेवत राहिलो.